न पडल्याबद्दल दिलगिरी

शनिवारी दुपारी तीन वाजून बारा मिनिटांनी माकाबे सुझुनो बीमवरून पडली नाही.

राष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स संघाच्या निवड स्पर्धेचा तो शेवटचा दिवस होता. सुझुनोनं हातभर उंचीच्या उड्या त्या वीतभरही रुंद नसलेल्या लाकडावर झेलल्या, शेवटची कोलांटी घेऊन ती गादीवर उतरली, पाय तसूभर हलले नाहीत. पंचांना हात उंचावून दाखवले आणि हसत धावत जाऊन ती प्रशिक्षिका तोबिताबाईंच्या गळ्यात पडली. वीस वर्षांच्या आयुष्यातली ही तिची सर्वांत चांगली फेरी होती. पंचांनी तसे गुणही दिले. प्रेक्षागृहात टाळ्या वाजल्या, पण लग्नात लांबच्या काकांचं भाषण संपल्यावर वाजतात तशा. मग कुजबुज सुरू झाली. पुढच्या रांगेतल्या एका बाईनं हातातला फलक उलटा करून मांडीवर ठेवला. त्यावर लिहिलं होतं, 'सुझुनो, तुझ्यासोबत आम्हीही वाकतो.'

सुझुनोच्या ते ध्यानात आलं नाही. तोबिताबाईंच्या आलं. मिठी न सोडताच त्या तिच्या कानाशी म्हणाल्या, "अगं, वाकली नाहीस."

"पडलेच नाही, तर वाकू कशाला?"

"मला कळतं गं," बाई म्हणाल्या. "आता बाकीच्यांना कोण सांगणार?"

बाकीचे म्हणजे जवळजवळ सगळा देश. त्याचं असं झालं होतं. वर्षापूर्वीच्या राष्ट्रीय स्पर्धेत सुझुनो याच बीमवरून पडली होती. गिरकीत पाय सुटला आणि खाली येता येता बीमची कड थेट पोटात बसली. ती उठली, बीमसमोर आली, टाचा जुळवल्या, तळवे मांड्यांवर टेकवले आणि कमरेत वाकली. बराच वेळ तशीच राहिली. ओठ हलत होते. मग वर चढून तिनं उरलेली फेरी पूर्ण केली. त्या दिवशी तिचा नंबर इतका मागे लागला की निकालाच्या पहिल्या पानावर नावही नव्हतं.

पण टीव्हीवरचा समालोचक घोगऱ्या आवाजात म्हणाला होता, "बीमची क्षमा मागते आहे."

जिथं खेळाडू व्यायामशाळेत शिरताना दाराला वाकतो आणि निघताना पुन्हा वाकतो, जिथं मोडलेल्या सुयांनाही वर्षातून एकदा देवळात निरोप दिला जातो, तिथं यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. संध्याकाळपर्यंत ते वाकणं प्रत्येक फोनमध्ये पोचलं. ओठांवरून शब्द ओळखणाऱ्या एका तज्ज्ञानं दुसऱ्या दिवशी सकाळच्या कार्यक्रमात छातीठोकपणे सांगितलं, ती म्हणाली, 'माफ कर, चूक तुझी नव्हती.' सूत्रसंचालिकेनं रुमाल काढला.

खरी गोष्ट दोघींनाच ठाऊक होती. सुझुनोला ओकारी येत होती. स्पर्धेआधी काही खायचं नाही हा बाईंचा नियम मोडून तिनं आईनं बांधून दिलेला भाताचा गोळा खाल्ला होता, आत खारवलेल्या उमे फळाची आंबट उमेबोशी घातलेला. पोटावर दणका बसताच तो घशाशी आला. देशभर प्रक्षेपण चालू असताना तो बाहेर पडू नये म्हणून ती वाकून आवंढे गिळत होती. तिनं त्याच संध्याकाळी बाईंना हे सांगितलं. बाई आधी नियमाबद्दल रागावल्या, मग त्यांचा फोन वाजला, मग दुसरा, आणि तिसऱ्यानंतर त्या म्हणाल्या, "दोन दिवस गप्प राहा. लोक विसरतील."

लोक विसरले नाहीत. यामागाता प्रांतातलं ताकाबुसे हे सुझुनोचं गाव तोवर फक्त चेरीसाठी आणि तेही शेजारच्या गावाच्या खालोखाल ओळखलं जात होतं. आता नगरपालिकेच्या इमारतीवर गच्चीपासून तळमजल्यापर्यंत सुझुनोच्या नावाचा उभा पडदा लोंबू लागला. तांदळाच्या कुरकुरीत सेम्बेई भाजणाऱ्या स्थानिक कारखान्यानं मधोमध वाकलेली सेम्बेई काढली. ती डब्यात नीट बसत नसे आणि तुटे, तरी खपली. गावाचं बोधचिन्ह असलेला, आत माणूस शिरून चालवायचा चेरीच्या डोक्याचा बाहुला बालवाडीत वाकून दाखवायला गेला तेव्हा डोकं निसटून मुलांच्या पायांत गडगडलं. दोन मुलं रडली, उरलेली त्या डोक्याला वाकली. एक दिवसाची मानद पोलीसप्रमुख म्हणून सुझुनोला चौकात उभं केलं, तिथं तिनं वाहतुकीच्या शंकूला वाकावं अशी विनंती झाली. ती वाकली. शाळांमध्ये मुलं दप्तराला वाकू लागली, कार्यालयांत माणसं छपाईयंत्राला. यंत्रं पूर्वीइतकीच अडत राहिली, पण आता कुणी त्यांना लाथ मारत नसे.

तोबिताबाईंच्या व्यायामशाळेचं गळकं छप्पर नगरपालिकेनं बदलून दिलं. उड्यांच्या सरावासाठी स्पंजचा हौद झाला. प्रवेशासाठी रांग लागली. येणाऱ्या प्रत्येक मुलीची आई पहिला प्रश्न विचारी, "वाकणं कितव्या इयत्तेपासून शिकवता?"

या सगळ्यात सुझुनोनं एकच गोष्ट केली होती. पडायचं बंद केलं होतं. सत्कार, चित्रीकरण आणि शंकू यांतून जो वेळ उरे त्यात ती तीच गिरकी घासत राहिली. तिला राष्ट्रीय संघात जायचं होतं. दहाव्या वर्षी घर सोडून ती बाईंच्या खालच्या खोलीत राहायला आली ती त्याचसाठी, आणि एका वाकण्यानं देशभर नाव होऊनही संघाच्या यादीत ते कधीच आलं नव्हतं.

संघात पाच जागा असतात. चार गुणांवर भरतात. पाचवी महासंघ 'सर्व बाजूंचा विचार करून' भरतो. शनिवारच्या शेवटी सुझुनो गुणांत पाचवी होती. सहाव्या जागेवर तिच्याच व्यायामशाळेतली हानाओका रिओ होती. रिओ त्या दिवशी बीमवरून पडली आणि वाकली. मग बारवरून पडली आणि बारलाही वाकली. दुसऱ्या वाकण्याला प्रेक्षक उभे राहिले होते.

परतीच्या गाडीत दोघी शेजारी बसल्या होत्या. रिओनं जेवणाचा डबा उघडला.

"रागावलीस?" तिनं विचारलं.

"नाही."

"रागावलीयस. बघ सुझु, तू शोध लावलास, मी वापरला. दिव्याचा शोध लावणाऱ्यानं काय शेजाऱ्याच्या घरी जाऊन फुंकर मारली का?"

"तुला लागलं होतं का पडताना?"

"बारवरून पडले तेव्हा खांदा निखळल्यासारखा झाला होता. वाकताना डोळ्यांपुढे काजवे चमकले. चेहऱ्यावर काय भाव आले असतील ते बघ." रिओनं फोन पुढे केला. चेहरा खरोखर भक्तीनं भरलेला दिसत होता. खाली लोकांनी लिहिलं होतं: 'ही खरी वारसदार.' 'माकाबेच्या डोक्यात हवा गेली.' 'पडल्यावर वाकायचं आणि जिंकल्यावर पाठ फिरवायची? गरज सरो नि वैद्य मरो.' एका सेवानिवृत्त मुख्याध्यापकानं तीन परिच्छेद लिहून शेवटी आपलं मन दुखावलं गेल्याचं कळवलं होतं.

"सेम्बेईवाल्यांचं वाच," रिओ म्हणाली. "'परिस्थितीकडे काळजीपूर्वक लक्ष ठेवून आहोत.' म्हणजे तुझ्या चेहऱ्याची पाकिटं छापायची थांबवलीत."

"तुझ्या चेहऱ्याची छापतील."

"मला सेम्बेई आवडत नाही," रिओ म्हणाली आणि तिनं आपल्या डब्यातला तळलेला झिंगा सुझुनोच्या भातावर ठेवला.

रविवारी सकाळी व्यायामशाळेच्या चहाच्या खोलीत चौघं जमले. महासंघाचे जनसंपर्क अधिकारी कुझे टोकियोहून आले होते. नगरपालिकेच्या क्रीडा विभागाचे प्रमुख ओनोदेरा दोन रस्ते ओलांडून आले होते, तरी दमले होते. बाईंनी जवाचा गार चहा ओतला.

"सकाळपासून एकशे चाळीस फोन," ओनोदेरा म्हणाले. "एक बाई म्हणाल्या, तिनं बीमचा अपमान केला. मी म्हटलं, बाई, बीमनं तक्रार केलेली नाही. त्यावर म्हणाल्या, तो बिचारा कशी करणार."

कुझेंनी घसा साफ केला. त्यांचा आवाज इतका मऊ होता की ऐकणारा आपोआप पुढे झुके. "सुझुनो, तुमची काही चूक झाली असं महासंघाचं मुळीच म्हणणं नाही."

"मग?"

"मग माफी मागावी, एवढंच."

"कशाची?"

"तेच तर. चूक असती तर चौकशी करावी लागली असती, शिक्षा द्यावी लागली असती. चूक नाही, त्यामुळे माफीवर भागतं. लोकांची मनं अस्वस्थ झाली याबद्दल. असं पहा, पाचव्या जागेचा निर्णय मंगळवारी आहे. अस्वस्थ वातावरणात महासंघाला सर्व बाजूंचा विचार करणं अवघड जातं."

"गुणांत मी पाचवी आहे."

"गुण ही एक बाजू झाली," कुझे म्हणाले.

सुझुनोनं बाईंकडे पाहिलं. बाई कपाच्या बुडाशी काही सापडतंय का ते पाहत होत्या. रिओही त्यांचीच शिष्या होती, छप्परही त्यांचंच होतं.

"आणि पुढे," कुझे म्हणाले, "प्रत्येक फेरीनंतर वाकावं. पडलात तरी, नाही पडलात तरी. म्हणजे लोकांचा गोंधळ होणार नाही."

"बाहेरच्या देशातले पंच काय म्हणतील?"

"त्यांना आम्ही पत्रक देऊ."

दुपारी तालीम झाली. नगरपालिकेत नव्या कर्मचाऱ्यांना शिष्टाचार शिकवणाऱ्या बाई एक मोठा लाकडी कोनमापक घेऊन आल्या. सुझुनोला वाकायला सांगितलं तेव्हा सवयीनं तिचं कपाळ नडगीला टेकलं.

"अहो, एवढं नको," शिष्टाचाराच्या बाई घाबरून म्हणाल्या. "थट्टा केल्यासारखं वाटतं. सामान्य माणूस वाकतो तसं वाका. थोडी पाठ दुखतेय असं दिसू द्या."

"माझी पाठ दुखत नाही."

"तीच तर अडचण आहे," ओनोदेरा म्हणाले. "पोरी, तू फार सहज वाकतेस. माफी जड दिसायला हवी."

शेवटी तिनं अंगात आजोबा आणले तेव्हा कोन जमला.

संध्याकाळी आईचा फोन आला. आईचं गावाच्या दुसऱ्या टोकाला कपडे धुऊन इस्त्री करून देण्याचं दुकान होतं. गेलं वर्षभर लोक तिथं स्वच्छ कपडे धुवायला आणत होते, सुझुनोच्या आईशी दोन शब्द बोलता यावेत म्हणून.

"काळा सूट इस्त्री करून पाठवलाय," आई म्हणाली. "काय बोलायचं ते बोल, पण केस नीट बांध. शनिवारी मागून एक बट सुटली होती."

"आई, तू माझी फेरी पाहिलीस ना?"

"पाहिली की."

"कशी झाली?"

"चांगली झाली." आईनं इस्त्री खाली ठेवल्याचा आवाज आला. "दुकानात आता कुणी फिरकलं नाही सकाळपासून. बरंच झालं म्हणा, हात दुखतात."

सोमवारी सकाळी सुझुनो सरावाला आली तर बीम जागेवर नव्हता. गादी होती, मध्ये नुसती पोकळी होती. बाई म्हणाल्या, नगरपालिकेनं नेला. ओनोदेरांची कल्पना. पत्रकार परिषदेत बीमसमोरच माफी मागितली तर योग्य व्यक्तीची मागितल्यासारखं होईल.

नगरपालिकेच्या सभागृहात व्यासपीठावर बीम उभा होता. पायांखाली जाजम, बाजूला फुलदाणी. तो नेताना सामान वाहणाऱ्यांनी पाय उलटे बसवले होते, त्यामुळे तो एका बाजूला कललेला होता. एवढ्या कललेल्या बीमवर कुणी चढायचं नसतं हे त्या खोलीत फक्त सुझुनोला आणि तोबिताबाईंना दिसत होतं. कॅमेरे मागच्या भिंतीपर्यंत होते.

कुझे आधी वाकले, मग ओनोदेरा, मग बाई. सुझुनोनं कागदावरचं वाचलं. समाजाला अस्वस्थ केल्याबद्दल आपण मनापासून दिलगीर आहोत. आनंदाच्या भरात कृतज्ञतेचं भान सुटलं. यापुढे अधिक सजग राहू. मग ती बीमकडे वळली आणि ठरल्या कोनात वाकली. कॅमेऱ्यांचा कडकडाट झाला. वाकलेली असतानाच तिला बीमवरची जुनी ओळखीची खूण दिसली, तिच्याच टाचेनं घासून गुळगुळीत झालेली जागा. गिरकी तिथं लागायची. आज सकाळी ती तिथं असायला हवी होती.

ती सरळ झाली. प्रश्न सुरू झाले. पहिल्याच रांगेतल्या पत्रकारानं आदरानं विचारलं, "गेल्या वर्षी आपण बीमला नेमकं काय म्हणालात, हे आज देशाला सांगाल?"

हा प्रश्न तिला वर्षभर विचारला जात होता. त्याचं उत्तरही ठरलेलं होतं: ते माझं आणि बीमचं गुपित आहे. शेजारी बाईंचे ओठ ते उत्तर आधीच पुटपुटू लागले होते.

"काही नाही म्हणाले," सुझुनो म्हणाली. "मला ओकारी येत होती."

फुलदाणीशेजारच्या कुझेंनी मान वर केली.

"बीम पोटात लागला होता. त्याआधी मी भाताचा गोळा खाल्ला होता, उमेबोशीचा. तो वर येत होता. म्हणून वाकले होते. त्या दिवशी मी वाईट खेळले. परवा चांगली खेळले. परवाबद्दल माफी मागायला लावलीत, तर मी मागितली. पण परवा गुणांत मी पाचवी आले, तेवढं लिहा."

मागून कुणीतरी विचारलं, "गोळ्यात उमेबोशी एक होती की दोन?" आणि मग सगळे एकदम बोलू लागले.

बाहेर व्हरांड्यात बाईंनी तिला गाठलं. रागावतील असं तिला वाटलं होतं. बाई तिच्या सुटलेल्या बटेकडे बघत राहिल्या.

"खाल्लं होतंस हे सांगायची काय गरज होती?" त्या म्हणाल्या. "आता लोक म्हणतील माझ्याकडे शिस्त नाही."

"बाई, छप्पर काढून नेतील का?"

"नेऊ देत," बाई म्हणाल्या, आणि लगेच, "नेणार नाहीत म्हणा. बसवायला जेवढा खर्च आला त्याहून उतरवायला जास्त येईल."

देशाचे दुपारपर्यंत दोन तट पडले. एका तटाचं म्हणणं, वर्षभर फसवलं. पण दुसरा तट मोठा निघाला. त्याचं म्हणणं असं की, खरी विनम्र माणसंच आपल्या भक्तीला ओकारी म्हणतात. सेवानिवृत्त मुख्याध्यापकांनी आता पाच परिच्छेद लिहिले आणि आपलं मन पूर्ववत झाल्याचं कळवलं. ओठांवरून शब्द ओळखणाऱ्या तज्ज्ञानं चित्रफीत पुन्हा तपासली आणि आवंढा गिळण्याआधी 'माफ कर'चा पहिला स्वर स्पष्ट दिसतो, असं सांगितलं. सेम्बेई कारखान्यानं उमेबोशीच्या चवीची चाचणी सुरू केली. ओनोदेरांना शेजारच्या प्रांतातल्या उमे बागायतदारांचा फोन आला. बोलता बोलता ते खुर्चीत ताठ बसले.

आईचा फोन मात्र रागाचा होता.

"माझ्या भातानं ओकारी आली म्हणून देशभर सांगितलंस?"

"आई, बीम लागल्यानं आली."

"तसं म्हणालीस का पण? भात, गोळा, ओकारी, एका दमात. दुकानात आता पाच वार्ताहर उभे आहेत. विचारतात, तांदूळ कधीचा होता. पहाटे चारला उठून शिजवला होता मी तो. शिळा नव्हता."

"मी सांगते त्यांना."

"तू आता काही सांगू नकोस," आई म्हणाली. मागं दुकानाच्या दाराची घंटी वाजली, मग पुन्हा वाजली. "कपडे घेऊन आलेत लोक. ठेवते."

संध्याकाळी बीम परत आला. सामान वाहणाऱ्यांनी तो आत आणला, जागेवर ठेवला, आणि दोघांनीही त्याला वाकून नमस्कार केला. सुझुनोनं पाना आणून पाय सोडवले, सरळ बसवले, पातळी लावून पाहिली. रिओनं दुसरी बाजू धरली. एका हातानं, कारण दुसरा खांदा बांधलेला होता.

"उद्या तुझं नाव आलं," रिओ म्हणाली, "तर मी म्हणेन ओकारीमुळे आलं."

"आणि तुझं आलं तर?"

"तर खांद्यामुळे." तिनं बांधलेला खांदा सावरला. "सुझु, मला तो खांदा डॉक्टरांना दाखवायचा नाहीये. कळलं ना?"

सुझुनोनं पाना खाली ठेवला. रिओनं तो उचलून पेटीत टाकला.

मंगळवारी दुपारी महासंघानं संघ जाहीर केला. चार नावं होती. पाचव्या जागेपुढे लिहिलं होतं: 'सर्व बाजूंचा विचार चालू आहे.' कुझेंनी फोनवर बाईंना समजावून सांगितलं की ओकारीचा जनमानसावरील परिणाम अजून स्थिरावलेला नाही, त्यामुळे घाई करता येत नाही. दोघी मुलींनी सराव चालू ठेवावा. गुणांचं काय, असं बाईंनी विचारलं. ते बदललेले नाहीत, असं कुझे म्हणाले.

बुधवारी संघाच्या कोटांसाठी शिंपी आला. त्याच्याकडे ताकाबुसेसाठी एका कोटाचं कापड होतं आणि दोन मुलींची मापं घ्यायचा आदेश. त्यानं आधी सुझुनोचं माप घेतलं. रिओच्या खांद्यावरून फीत नेताना तिनं झटकन अंग आखडलं, तेव्हा त्यानं हात मागे घेतला आणि बाईंकडे पाहिलं. बाईंनी रिओकडे पाहिलं. रिओ छताकडे बघत म्हणाली, "गुदगुल्या होतात." शिंप्यानं कापड दुमडून पिशवीत ठेवलं. कात्री लावायला त्याला महासंघाचा फोन यायला हवा, आणि तो आलेला नाही.